बेताच्या पैशांतले जॅझ

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमचा विषय वाचून पुष्कळ स्नेह्यांनी आम्हांस वाटेत गाठून विचारले, की पालघरचा आणि जॅझचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. आमच्या या भागाची ओळख बोईसरचे कारखाने, तारापूरचे अणुवीज केंद्र, डहाणूचे चिकू आणि पहाटेची गाडी गाठणारी माणसे यांच्यावरून होते. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरी कृष्णवर्णीय वादकांनी घडविलेल्या संगीताने येथे एखाद्या घरात ठाण मांडावे, हे चमत्कारिक दिसते खरे. परंतु आमच्याच जिल्ह्यातील वसईच्या ख्रिस्ती वाड्यांतून लग्नाचा पितळी बँड ज्याने ऐकला आहे, त्याच्या कानाला ट्रम्पेट परका नाही. आणि न्यू ऑर्लीन्सचे जॅझही मिरवणुकीतल्या अशाच पितळी बँडांच्या मागून चालत पुढे आले.

दुसरा संबंध लाखेचा आहे. प्लॅस्टिकची तबकडी येण्यापूर्वी ग्रामोफोनची तबकडी लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणाची असे. जगाला लागणाऱ्या लाखेचा मोठा भाग छोटा नागपूरच्या रानांतून जाई. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर लाखेचा किडा पोसला जातो. तेव्हा शिकागोत वाजलेला सूर ज्या पदार्थावर उमटला, तो पुष्कळदा आपल्याच देशातील पळसावरून उतरलेला होता. हे आम्हांस कळले त्या दिवसापासून जॅझ परदेशी आहे असे म्हणण्याचा आमचा आग्रह ढिला पडला.

जॅझची म्हणून ओळखली जाणारी पहिली तबकडी १९१७ साली न्यू यॉर्कला व्हिक्टर कंपनीने मुद्रित केली. तीत वाजविणारे पाचही जण गोरे होते. ज्यांची ही विद्या, त्या कृष्णवर्णीय वादकांपैकी किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदाचे मुद्रण १९२३ साली झाले. त्यात दुसरे कॉर्नेट वाजविणारा तरुण होता लुई आर्मस्ट्राँग. पुढे नोव्हेंबर १९२५ मध्ये आर्मस्ट्राँगने स्वतःच्या पाच जणांच्या संचासह शिकागोत मुद्रणे केली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावे. या तीन मिनिटांच्या तुकड्यांवरच जॅझचा सारा आरंभीचा इतिहास उभा आहे. कारण हे संगीत आयत्या वेळी सुचलेले असते, कागदावर उतरलेले नसते. तबकडी गेली की वादन गेले.

आणि तबकड्या गेल्या, मोठ्या संख्येने गेल्या. लाखेची तबकडी हातून निसटली की बांगडीसारखी फुटते. त्यात दुसरे महायुद्ध आले. हिंदुस्थानातून येणारी लाख युद्धकार्याला हवी म्हणून अमेरिकन सरकारने १९४२ साली तबकड्यांसाठी तिचा वापर फार कमी केला. कंपन्यांनी लोकांकडून जुन्या तबकड्या परत घेतल्या आणि वितळवून त्यांतून नव्या काढल्या. किती दुर्मिळ वादन त्या कढईत गेले, याचा हिशेब कोणापाशी नाही.

ज्यांनी हे नुकसान थोडेफार भरून काढले, त्यांत एक विद्यार्थी होता. जॉर्ज अवाकियन हा महाविद्यालयात शिकत असतानाच कोलंबिया कंपनीसाठी जुन्या मुद्रणांची निवड करू लागला. कंपनीच्या कोठारात त्याला आर्मस्ट्राँगची कधी प्रसिद्धच न झालेली मुद्रणे सापडली. १९४० पासून जुन्या जॅझच्या तबकड्या वहीसारख्या बांधलेल्या पाकिटांत, वादकांच्या नावांसह आणि माहितीसह विक्रीस आल्या. अशा वहीला आल्बम म्हणत. पुढे १९४८ साली लाँग प्ले तबकडी निघाली आणि वही गेली तरी नाव राहिले. आज ज्याला आपण बॉक्स सेट म्हणतो, त्याचे मूळ या वहीत आहे. याच वृत्तीचे पुढचे मोठे काम मायकेल कस्कुना आणि चार्ली लौरी यांच्या मोझेइक कंपनीने १९८३ पासून केले. एका वादकाची विशिष्ट काळातील सर्व मुद्रणे, तारखांच्या क्रमाने, विस्तृत टिपणांसह एका पेटीत, आणि तीही मोजक्याच प्रती! अशा पेट्या आमच्यासारख्यांनी दुकानात डोळे भरून पाहाव्यात आणि परतीची गाडी धरावी.

मग बेताच्या पैशांत संग्रह करणाऱ्याने काय करावे? त्याच्या मदतीला एका अनपेक्षित ठिकाणाहून कायदा आला. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क ५० वर्षे टिकत असे. २०११ साली ती मुदत ७० वर्षे करण्याचे ठरले आणि २०१३ साली ते अमलात आले. परंतु जे हक्क आधीच संपले होते, ते पुन्हा जिवंत झाले नाहीत. म्हणजे १९६२ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली मुद्रणे तेथे कोणालाही काढण्यास मोकळी राहिली. एका पेटीत सहा-सहा, आठ-आठ जुने आल्बम भरून स्वस्तात विकणाऱ्या कंपन्या यातूनच निघाल्या. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ आणि डेव्ह ब्रुबेकचा ‘टाइम आउट’ हे दोन्ही १९५९ चे; म्हणून ते स्वस्त पेटीत सापडतात. जॉन कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ १९६५ चा. तो सापडत नाही. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याने दिलेली मुदत १९९२ साली ६० वर्षे झाली. अर्थात चालीचा हक्क निराळा आणि मुद्रणाचा निराळा, हे विसरू नये.

स्वस्त पेटीत दोष नाहीत असे नाही. आम्ही मुंबईस जाऊन, पोटाला चिमटा घेऊन एक पेटी आणली. घरी येऊन लावतो तो तीच मुद्रणे आमच्यापाशी दुसऱ्या वेष्टनात आधीच होती! वेष्टनावर चित्र सुरेख होते. तारीख, स्थळ, वादक यांचा पत्ता नव्हता. त्या दिवसापासून आम्ही एक वही घातली. प्रत्येक मुद्रणाची तारीख, शहर, वादकांची नावे आणि तबकडीच्या मधल्या कोऱ्या भागात कोरलेला अंक तीत उतरायचा, आणि वही खिशात असल्यावाचून दुकानाची पायरी चढायची नाही. या वहीने आमचे जितके पैसे वाचविले, तितके कोणत्याही सवलतीने वाचविले नाहीत. शिवाय एकाने पेटी घ्यावी आणि दहा जणांनी बसून ऐकावी, हा नियमही आम्ही पाळतो. संगीत वाटल्याने झिजत नाही.

परंतु वहीने आम्हांस एक बोचणारी गोष्टही दाखविली. तीत न्यू यॉर्क, शिकागो, पॅरिस यांची पाने भरली. मुंबईचे पान मात्र जवळजवळ कोरे राहिले. मुंबईत जॅझ नव्हते असे थोडेच आहे! १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्यापासून गोव्याच्या वादकांनी हे वळण उचलले. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) मधील ज्या गाण्यांवर अवघा महाराष्ट्र डोलला, त्यांच्या वाद्यमेळात चिक चॉकलेटचा हात होता.

ग्रँट रोडला उतरून चोर बाजारात जाण्याची आमची जुनी सवय. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली. त्यापूर्वी बहुधा विरारला गाडी बदलावी लागे. मटण स्ट्रीटवर अशा चित्रपटगीतांच्या लाखेच्या तबकड्या आम्ही पुष्कळ चाळल्या. लेबलावर चित्रपटाचे नाव असते, गायकाचे असते, संगीतकाराचे असते. ट्रम्पेट फुंकणाऱ्याचे नसते.

येथेच संग्रहाचा खरा प्रश्न उभा राहतो. आज फोनवर सारे काही ऐकू येते, मग पेट्या कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. फोनवर तेच ऐकू येते, जे कोणी तरी कोठारातून काढून पुन्हा प्रसिद्ध केले. जे पुन्हा निघाले नाही, ते नव्हतेच असे पुढची पिढी धरून चालते. १९६३ साली ड्यूक एलिंग्टन हिंदुस्थानात येऊन गेला, मुंबईतही वाजवून गेला. त्या दौऱ्यातून सुचलेला त्याचा ‘फार ईस्ट स्वीट’ हा आल्बम वेळोवेळी पुन्हा निघाला आणि जगभर ऐकला जातो. त्याच वर्षी मुंबईच्या स्टुडिओत रोज वाजविणाऱ्या गोमंतकीय वादकांची नावे मात्र शोधावी लागतात. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मंडळाने आणि नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या ग्रंथात असे शोधकाम केले आहे. पण तेवढ्याने भागणारे नाही.

आमच्या पालघर-बोईसरला मोठी पेटी काढण्याचे बळ नाही. वही घालण्याचे बळ मात्र प्रत्येक घरात आहे. माळ्यावर वडिलांच्या वेळच्या तबकड्या असतील, तर त्या भंगारवाल्यास देण्यापूर्वी लेबल उतरून घ्यावे. वसईच्या वाडीत एखादे वृद्ध वादक असतील, तर त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या शेजारी कोण कोण बसत असे, हे विचारावे आणि तारखेसह लिहावे. उद्या कोणी मुंबईच्या जॅझची पेटी काढील, तेव्हा तीत घालावयाच्या टिपणाला ही नावे लागतील. ती सांगणारी माणसे आता थोडी आहेत, म्हणून हे काम या उन्हाळ्यातच हाती घ्यावे, एवढीच श्रोत्यांस आमची विनंती आहे.