शब्दवेध : बार्बेक्यू

आदिलाबादमधल्या एका हॉटेलाच्या पाटीवर ठसठशीत ‘बार्बेक्यू’ लिहिलंय. किनवटहून आलेल्या धाकट्या भावाला दुपारी तिथंच जेवायला नेलं. (1956 पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, तेव्हा त्याला पाहुणा तरी कसं म्हणायचं?) वेटरनं दखनीत विचारलं, ‘‘सीक लाऊं क्या?’’ भाऊ पाटीकडं बघत म्हणाला, ‘‘ताई, बार्बेक्यू म्हणजे नेमकं काय गं?’’

शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा. स्पॅनिश रूप ‘बार्बाकोआ’. अर्थ पदार्थ नव्हे, तर खांबांवर उचललेली काटक्यांची चौकट. खाली धग, वर मांस. पण निजायलाही तसलीच चौकट चाले! विल्यम डॅम्पियर हा इंग्रज दर्यावर्दी 1697 च्या प्रवासवर्णनात जमिनीपासून तीनेक फूट उंच अशा ‘बार्बेक्यू’वर रात्र काढल्याचं सांगतो. म्हणजे आपला जोंधळ्याच्या रानातला, पाखरं हाकायचा माळाच की! पुढं माळ्याचं नाव त्यावरच्या मांसाला चिकटलं.

आमच्यापुढं आलं ते मात्र माळ्यावरचं नव्हतंच. कडेनं करपलेलं, लिंबू पिळलेलं, सळईवरचं मटण. वेटरची ‘सीक’ म्हणजे फारसी ‘सीख’, सळईच. शूळावर भाजलेल्या मांसाला संस्कृतात ‘शूल्य’ म्हणत. अमरकोशात त्याला ‘भटित्र’ हाही पर्याय आहे. ‘शूल्य’ हा शब्द अस्सल, जुना; पण हॉटेलवाल्यानं तो पाटीवर लिहिला तर गिऱ्हाइकाला पोटशूळच आठवायचा.