दोन वाटांच्या चार

शर्यतीची गाडी म्हणजे श्रीमंतांचे खेळणे, असे मलाही वाटायचे. पण महायुद्धानंतर इंग्लंडमधली हौशी पोरे जुन्या ऑस्टिन सेव्हन घेऊन शर्यती खेळत. १९२२ साली आलेली ही छोटी गाडी, इंजिन अवघे ७४७ सीसी. कॉलिन चॅपमनने १९४८ मध्ये मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात अशाच एकीवर प्लायवूड-अ‍ॅल्युमिनियम मढवले. तीच पहिली लोटस!

त्या इंजिनात सिलिंडर चार, पण पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला वाटा दोनच. १९५१ च्या मार्क ३ साठी त्याने वाटांमध्ये पडदे घालून दोनाच्या चार केल्या. गाडी अशी सुटली, की ७५० फॉर्म्युल्यात पुढे ती युक्तीच नियमबाह्य ठरली. मला ती बंदी रास्त वाटते. शर्यत स्वस्तात भागावी म्हणूनच तर ऑस्टिन सेव्हन निवडली होती.