नोंदवहीतला विणकर

कष्टकऱ्याने आत्मचरित्र लिहिले नाही, पत्रेही मागे ठेवली नाहीत, तरी त्याचा माग लागू शकतो. तो बहुधा दुसऱ्याच्याच हस्ताक्षरात असतो. इंग्लंडमधील लँकेशरचा एखादा विणकर शोधायचा, तर मुख्य आधार दोन: चर्चच्या वह्या आणि जनगणना.

१५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद सक्तीची झाली. १८१३ पासून छापील नमुने आले आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाच्या धंद्याला रकाना मिळाला. आईच्या कामाला रकाना नव्हता. ती दिवसभर मागावर राबत असली, तरी त्या पानावर तिचे फक्त नाव येते.

१८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. एकोणचाळिसाचा माणूस कागदावर पस्तिसाचा झाला. १८५१ पासून जन्मगाव आणि कुटुंबप्रमुखाशी नाते नोंदले जाऊ लागले. म्हणून शोध तिथून मागे न्यावा. जन्मगाव कळले, की तिथल्या चर्चची वही उघडता येते. एकाच नावाचे दोन विणकर निघाले, तर बायकोमुलांची नावे ताडून पाहावीत.

१८६१ ची गणना ७ एप्रिलची. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले १२ एप्रिलला. लँकेशरचा बहुतेक कापूस तिथूनच येई. तो आटला, गिरण्या थांबल्या, लाखो माणसे मदतीवर जगू लागली. त्याच कापसाने मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये ओसरला. पुढची गणना १८७१ ची. मधली उपासमार दोन्ही गणनांत दिसत नाही. पहिलीतले लहान मूल दुसरीत नसेल, तर दफनाची वही पाहावी लागते.

आपल्याकडे ही वाट बंद आहे. जनगणनेचे तक्ते उरले, घरोघरच्या जुन्या नोंदी जपल्या गेल्या नाहीत. रत्नागिरीहून मुंबईच्या गिरणीत आलेला माणूस मोजला गेला, नावाने उरला नाही. गोव्यातील चर्चच्या वह्यांत नावे आहेत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही आहेत, पण तीर्थापर्यंत पोहोचलेल्या घराण्यांचीच. बाकीच्यांसाठी भाडेपावती, शाळा सोडल्याचा दाखला, गिरणीचा पास हेच दफ्तर. चाळ पुनर्विकासाला जाण्याआधी माळ्यावरची ट्रंक उघडून पाहावी.