परक्या शिकाऱ्यांच्या तावडीत ऑस्ट्रेलियातील छोटे सस्तन

ऑस्ट्रेलिया म्हटले की डोळ्यांपुढे कांगारू उभा राहतो. परंतु या खंडाचे खरे प्राणिवैभव उंदीर, घूस किंवा सशाएवढ्या आकाराच्या लहानग्या प्राण्यांमध्ये सामावलेले आहे. बँडिकूट, बेटाँग, बिल्बी, नंबॅट हे असेच प्राणी; त्यांतील बेटाँग, बिल्बी आणि नंबॅट जगात अन्यत्र कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत. त्यांपैकी ‘बँडिकूट’ हे नाव तर भारतातून तेथे गेले आहे. तेलुगूत घुशीला ‘पंदिकोक्कु’ म्हणजे डुक्कर-उंदीर म्हणतात. तोच शब्द युरोपियनांनी ऑस्ट्रेलियातील लांब नाकाच्या या वेगळ्याच प्राण्याला चिकटवला.

या प्राणिसृष्टीची गेल्या सव्वादोन शतकांत झालेली हानी मोठी आहे. १७८८ मध्ये ब्रिटिशांची पहिली वसाहत स्थापन झाली. तेव्हापासून ऑस्ट्रेलियातील ३० हून अधिक स्थानिक सस्तन प्रजाती नामशेष झाल्या. या काळात अन्य कोणत्याही खंडाने इतक्या सस्तन प्रजाती गमावलेल्या नाहीत. विशेष म्हणजे त्यांतील अनेक प्रजाती जेथे जंगलतोड झाली नाही, शहरे वसली नाहीत, अशा विरळ वस्तीच्या वाळवंटी प्रदेशांतून नाहीशा झाल्या. म्हणजेच वसाहतवाले जेथे पोहोचले नाहीत, तेथे त्यांनी आणलेले प्राणी पोहोचले होते.

मांजरे वसाहतवाल्यांच्या जहाजांबरोबरच आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ संपूर्ण खंडभर रानटी होऊन पसरली. १८५९ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतातील थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडमधून ससे मागवून आपल्या जमिनीवर सोडले. शिकारीच्या याच हौसेपायी युरोपातले तांबडे खोकडही तेथे आणले गेले. उष्ण कटिबंधातील उत्तर भाग आणि टास्मानिया वगळता ते सर्वत्र स्थिरावले.

या आक्रमणाची झळ सर्व प्राण्यांना सारखी बसली नाही. अँड्र्यू बर्बिज आणि नॉर्मन मॅकेन्झी या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये नामशेष व घटत चाललेल्या प्रजातींचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतील बहुतेकांचे वजन ३५ ग्रॅम ते साडेपाच किलो यांदरम्यान असल्याचे आढळले. मोठे कांगारू तुलनेने तगले, अगदी चिमुकले प्राणीही बऱ्याच अंशी बचावले, मधले मात्र भरडले गेले. मांजर आणि खोकड यांना सहज पेलणारी शिकार साधारण याच वजनाची असते.

ऑस्ट्रेलियात पूर्वी शिकारी प्राणीच नव्हते, असे नाही. ठिपकेदार क्वॉल, गरुड, अजगर आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी आलेला डिंगो यांच्याशी तेथील छोट्या प्राण्यांचा सामना होतच असे. परंतु दबा धरून बसणारे मांजर आणि वास काढत बिळापर्यंत पोहोचणारे खोकड ही संकटे त्यांना सर्वस्वी अपरिचित होती. कोणत्या वासाने सावध व्हायचे आणि कोणत्या सावलीला भ्यायचे, हे शहाणपण उत्क्रांतीतून येते. त्यासाठी शे-दोनशे वर्षांचा अवधी फारच अपुरा आहे.

खोकडांचा दोष प्रत्यक्ष प्रयोगातूनही सिद्ध झाला. पश्चिम ऑस्ट्रेलियातील गव्हाच्या पट्ट्यात खडकांच्या कपारींत राहणाऱ्या छोट्या वॉलबींची संख्या रोडावत चालली होती. जॅक किनीअर या संशोधकाने १९८० च्या दशकात काही ठिकाणी विषारी आमिषे ठेवून खोकडांना आवर घातला, तर काही ठिकाणी तसे केले नाही. जेथे खोकड घटले तेथे वॉलबी वाढले.

सशांचा उपद्रव अधिक गुंतागुंतीचा आहे. ते गवत व कोवळी रोपे फस्त करतात आणि बिल्बी-बेटाँगांची बिळे बळकावतात. शिवाय मुबलक ससे म्हणजे मांजरे-खोकडांना बारमाही अन्न. सशांवर पोसलेले हे शिकारी दुर्मिळ होत चाललेल्या स्थानिक प्राण्यांचाही फडशा पाडतात. सशांवर मारक ठरणारा कॅलिसिव्हायरस १९९५ मध्ये प्रायोगिक बेटावरून निसटून मुख्य भूमीवर पसरला. त्यानंतर ससे घटले, पाठोपाठ शिकारीही घटले आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात काही स्थानिक उंदरांचे क्षेत्र पुन्हा विस्तारल्याचे दिसून आले.

परका प्राणी नेहमी शिकार करूनच मारतो असेही नाही. उसावरील किडींच्या बंदोबस्तासाठी १९३५ मध्ये हवाईहून क्वीन्सलँडमध्ये आणलेल्या भेकांनी कीड आवरली नाही. मात्र त्यांना भक्ष्य समजून खाणारे उत्तरेकडील क्वॉल त्यांच्या विषाने मरू लागले. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर १८९९ च्या सुमारास जहाजातून काळे उंदीर उतरले. हा उंदीर मूळचा भारतीय उपखंडातला. त्याच्या आगमनानंतर काही वर्षांतच बेटावरील दोन्ही स्थानिक उंदीर प्रजाती संपल्या. संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. काळ्या उंदरांनी आणलेल्या रक्तातील परजीवींची लागण स्थानिक उंदरांना झाली होती, असे त्यातून दिसून आले.

बचावाचे उपाय अर्थातच सुरू आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातील काही रानवनस्पतींमध्ये फ्लुरोॲसिटेट हे विष निसर्गतःच असते. तेथील स्थानिक प्राण्यांना ते बऱ्यापैकी पचते, परक्या खोकडाला मात्र पचत नाही. याच रसायनाची आमिषे वापरून १९९६ मध्ये त्या राज्याने ‘वेस्टर्न शील्ड’ ही मोहीम हाती घेतली. वॉयली नावाच्या छोट्या बेटाँगाची संख्या आधीच इतकी सावरली होती, की त्याच वर्षी त्याचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून वगळण्यात आले. परंतु १९९९ नंतरच्या काही वर्षांत ही संख्या सुमारे ९० टक्क्यांनी कोसळली. खोकड कमी झाल्याने मांजरांना मोकळे रान मिळाले, हे त्यामागील एक प्रमुख कारण मानले जाते. एक शत्रू हटवताना दुसऱ्यावरही नजर ठेवावी लागते, हा धडा त्यातून मिळाला.

दुसरा उपाय कुंपणांचा व बेटांचा. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉक्सबी डाउन्सजवळ १९९७ पासून उभारलेल्या ‘अरिड रिकव्हरी’ अभयारण्यात कुंपणाआड बिल्बी व बेटाँग पुन्हा नांदू लागले आहेत. पश्चिम किनाऱ्यालगतचे सुमारे ६२० चौरस किलोमीटरचे डर्क हार्टोग बेट २०१८ मध्ये मांजरमुक्त जाहीर झाले आणि तेथे छोटे वॉलबी परत सोडण्यात आले. मात्र या सुरक्षिततेलाही किंमत आहे. भेकांपासून वाचवण्यासाठी २००३ मध्ये काही क्वॉल शिकारीविरहित बेटांवर हलवण्यात आले होते. तेथे त्यांची भरभराट झाली. पण अवघ्या १३ पिढ्यांनंतर त्यांच्या वंशजांना मुख्य भूमीवर आणले, तेव्हा डिंगोला घाबरायचे असते हेच ते विसरल्याचे आढळले. म्हणूनच अलीकडे काही ठिकाणी कुंपणाच्या आत मोजकी मांजरे ठेवून स्थानिक प्राण्यांना सावधपणा शिकवण्याचेही प्रयोग होत आहेत.

या छोट्या प्राण्यांच्या जाण्याने केवळ प्राणिसूचीतील काही नावेच कमी होतात, असे नाही. बिल्बी आणि बेटाँग अन्नासाठी सतत जमीन उकरतात. एकटा वॉयली वर्षाकाठी काही टन माती वरखाली करतो. त्या खळग्यांत पालापाचोळा व बिया साठतात, पावसाचे पाणी मुरते, नवी रोपे रुजतात. मशागत करणारा हा फुकटचा मजूर गेला की रुक्ष प्रदेशातील माती अधिकच निर्जीव होते.

ऑस्ट्रेलियन समाजालाही या प्रश्नाचे गांभीर्य आता जाणवू लागले आहे. ईस्टरला चॉकलेटच्या सशाऐवजी चॉकलेटचा बिल्बी विकण्याची प्रथा तेथे रुजली आहे. राजधानी कॅनबेरात १ जुलै २०२२ नंतर जन्मलेल्या पाळीव मांजरांना मालकाच्या आवारातच ठेवणे बंधनकारक करण्यात आले. मांजरप्रेमींना हे नियम कठोर वाटले, तरी त्यांच्यामागील हिशेब साधा आहे: मांजर जगात सर्वत्र आहे, बिल्बी मात्र एकाच खंडावर उरला आहे. त्याचा धाकटा भाऊबंद असलेला लहान बिल्बी विसाव्या शतकाच्या मध्यावर कायमचा नाहीसा झाला.