व्हिडिओ एडिटिंगसाठी घरचा कॉम्प्युटर: कोणती एसएसडी घ्यावी, किती जागा लागते आणि पैसे नक्की कुठे घालावेत?

लग्नाचा व्हिडिओ, यूट्यूब चॅनेल, कीर्तनाचं चित्रीकरण किंवा गणपतीतल्या रील्स. हे सगळं एडिट करायला आता स्टुडिओ लागत नाही, घरातल्या टेबलावरचा कॉम्प्युटर पुरतो. पण तो कॉम्प्युटर जुळवायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन शोधा, आकड्यांचा मारा सुरू होतो. ३५०० ची एसएसडी, ७००० ची एसएसडी, आता तर १४००० ची! आकडा जितका मोठा तितकं एडिटिंग वेगात, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात घरच्या एडिटिंगमध्ये बहुतेक वेळा या वेगाचा फारसा उपयोग होत नाही. टाइमलाइन अडकते ती वेगळ्याच कारणाने, आणि सगळ्यात मोठं नुकसान होतं ते दुसरी कॉपी नसल्यामुळे.

आधी कॅमेऱ्याचं गणित करा

ड्राइव्ह निवडण्याआधी आपलं फुटेज किती मोठं आहे हे पाहायला हवं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बिटरेट दिलेला असतो. समजा तो १०० मेगाबिट प्रति सेकंद आहे. 4K रेकॉर्डिंगमध्ये हा आकडा नेहमी दिसतो. ८ बिटचा १ बाइट, म्हणून १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट प्रति सेकंद. तासाचे झाले ४५ जीबी.

लग्नात दोन कॅमेऱ्यांनी प्रत्येकी ८ तास शूट केलं तर १६ तासांचं फुटेज होतं, म्हणजे ७२० जीबी. १ टीबीची ड्राइव्ह एका लग्नातच भरत आली! शिवाय विंडोजमध्ये १ टीबीची ड्राइव्ह ९३१ जीबी दिसते. यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

आता वेगाकडे पाहा. हे फुटेज चालवायला सेकंदाला १२.५ मेगाबाइट लागतात. तीन कॅमेऱ्यांची दृश्यं एकाच वेळी चालवली तर ३७.५. ॲपलच्या प्रोरेस ४२२ या जड फॉरमॅटमध्ये 4K फुटेज २५ फ्रेम्सने असेल तर एका दृश्याला साधारण ६१.५ मेगाबाइट लागतात, चार दृश्यांना २४६. आणि ड्राइव्ह किती देतात?

• साधी हार्ड डिस्क, ७२०० आरपीएम: साधारण १५० ते २५० मेगाबाइट प्रति सेकंद
• साटा एसएसडी: साधारण ५५०
• एनव्हीएमई एसएसडी, जेन ३: साधारण ३५००
• एनव्हीएमई एसएसडी, जेन ४: साधारण ७०००
• एनव्हीएमई एसएसडी, जेन ५: १४००० पर्यंत

म्हणजे साटा एसएसडीसुद्धा प्रोरेसची चार दृश्यं एकत्र चालवू शकते. हार्ड डिस्क मागे पडते ती दुसऱ्या कारणाने. तिच्यात फिरती तबकडी आणि त्यावर सरकणारं हेड असतं. तीन-चार फाइल्स एकदम वाचायच्या झाल्या की हेडला सारखं इकडून तिकडे पळावं लागतं आणि वेग कोसळतो. एसएसडीत सरकणारं काही नसतं. त्यामुळे हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्याचा फरक लगेच जाणवतो, पण जेन ३ वरून जेन ५ वर गेल्याचा फरक मोठ्या फाइल्स कॉपी करताना सोडला तर क्वचितच जाणवतो.

मग टाइमलाइन अडकते कशाने?

बरेच कॅमेरे आणि मोबाइल एच.२६४ किंवा एच.२६५ फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करतात. जागा वाचवण्यासाठी यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि मधल्या फ्रेम्समध्ये फक्त काय बदललं याची नोंद असते. त्यामुळे मधल्या एखाद्या फ्रेमवर जायचं तर कॉम्प्युटरला आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम्स उलगडाव्या लागतात. हे काम ड्राइव्हचं नसून प्रोसेसर आणि ग्राफिक्सचं आहे. ड्राइव्ह निवांत बसलेली असते आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेलेला असतो.

यावर दोन उपाय आहेत.

पहिला, योग्य हार्डवेअर. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ पासून 'क्विक सिंक' नावाचा व्हिडिओ उलगडणारा वेगळा भाग असतो. पण तो अंगभूत ग्राफिक्सचा भाग आहे. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असतं त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतात, म्हणजे क्विक सिंकही नाही. थोडे पैसे वाचवायला 'एफ' मॉडेल घेणं एडिटिंगसाठी महागात पडतं. कॅमेरा १० बिट ४:२:२ मध्ये एच.२६५ रेकॉर्ड करत असेल तर आणखी लक्ष द्या. डेस्कटॉपवर इंटेलच्या ११ व्या पिढीपासून हा प्रकार क्विक सिंकवर चालतो. एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ही सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. त्याआधीचं महागडं कार्डसुद्धा या फुटेजपुढे हात टेकतं.

दुसरा उपाय बिनपैशाचा आहे: प्रॉक्सी. म्हणजे मूळ फुटेजची हलकी नक्कल तयार करून तिच्यावर एडिटिंग करायचं. शेवटी एक्सपोर्ट करताना सॉफ्टवेअर मूळ फुटेज वापरतं. प्रीमियर प्रो आणि दाविंची रिझॉल्व्ह दोन्हींत ही सोय आहे. फुल एचडी प्रोरेस प्रॉक्सीला तासाला साधारण १७ जीबी लागतात, म्हणजे १६ तासांच्या लग्नाला २७५ जीबी. ही जागा आधीच धरून ठेवा. काम संपलं की प्रॉक्सी खुशाल काढून टाका, त्या पुन्हा बनवता येतात.

एक ड्राइव्ह की तीन?

सगळं एकाच मोठ्या ड्राइव्हवर टाकण्यापेक्षा कामानुसार वाटणी करणं चांगलं.

१. विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी: ५०० जीबी ते १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी. जेन ३ किंवा जेन ४ पुरेशी आहे.

२. चालू कामासाठी: १ ते २ टीबीची दुसरी एसएसडी. सध्याचं फुटेज, प्रॉक्सी आणि कॅशे इथे ठेवा. प्रीमियर प्रो कॅशे फाइल्स आपसूक सी ड्राइव्हवर टाकतं, म्हणून 'सी ड्राइव्ह फुल' ही तक्रार सारखी येते. सेटिंगमध्ये जाऊन त्यांची जागा बदला.

३. संपलेल्या कामांसाठी: ४ ते ८ टीबीची हार्ड डिस्क. त्याच पैशांत एसएसडीपेक्षा हिच्यात कितीतरी जास्त जागा मिळते, आणि नुसतं साठवून ठेवायला वेग लागत नाही. एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवण्यासाठी बनलेली नसते. तिच्यातली माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात असते आणि तो हळूहळू झिरपू शकतो.

एसएसडी घेताना डब्यामागे काय वाचायचं?

टीएलसी की क्यूएलसी: टीएलसी चिपच्या प्रत्येक कप्प्यात ३ बिट बसतात, क्यूएलसीमध्ये ४. म्हणून क्यूएलसी स्वस्त पडते, पण लिहिण्याचा मूळ वेग कमी असतो. तो झाकायला ड्राइव्हचा थोडा भाग वेगवान कॅशे म्हणून वापरतात. तो भरला की खरा वेग कळतो. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या १ टीबीच्या ड्राइव्हवर साधारण ४२ जीबी लिहून झाल्यावर वेग सेकंदाला ८० मेगाबाइटवर येतो, असं कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे. म्हणजे हार्ड डिस्कपेक्षाही कमी! ऑफिसच्या कामात हे कधी कळणार नाही, पण लग्नाचं ७२० जीबी फुटेज ओतताना नक्की कळेल.

टीबीडब्ल्यू: वॉरंटीच्या काळात ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहिता येतील याचा हा आकडा. सॅमसंगच्याच १ टीबी ड्राइव्हमध्ये ८७० ईव्हीओला ६०० आणि ८७० क्यूव्हीओला ३६० आहे.

एम.२ स्लॉट: एम.२ हा फक्त आकार आहे. त्या आकारात साटा एसएसडीही येते आणि एनव्हीएमईही. मदरबोर्ड कोणती घेतो ते आधी पाहा. काही मदरबोर्डवर एम.२ स्लॉट वापरला की एखादा साटा पोर्ट बंद पडतो. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

उष्णता: जेन ५ ड्राइव्ह खूप तापतात आणि तापल्या की स्वतःहून वेग कमी करतात. विदर्भातल्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, हीटसिंकशिवाय त्या लावण्यात अर्थ नाही.

हार्ड डिस्क घेताना

इथे पाहायचं ते सीएमआर की एसएमआर. एसएमआर प्रकारात जागा वाचवण्यासाठी तबकडीवरचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. त्यामुळे जुन्या जागी नवीन लिहायचं तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात आणि सलग मोठं काम रखडतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या डब्ल्यूडी रेड मालिकेतल्या काही ड्राइव्ह एसएमआर असल्याचं मान्य केलं आणि त्यावर ग्राहकांनी बराच गदारोळ केला. तेव्हापासून मॉडेल क्रमांकावरून प्रकार तपासून घेण्याची सवय अनेकांना लागली.

आणि 'फक्त दोन हजारांत १६ टीबी' अशी जाहिरात दिसली तर पुढे सरका. त्या डब्यात बहुतेक वेळा छोटं मेमरी कार्ड असतं आणि कॉम्प्युटरला खोटी क्षमता दाखवायला शिकवलेलं असतं. फाइल्स कॉपी झाल्यासारख्या दिसतात, पण उघडत नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या मोफत साधनांनी खरी क्षमता तपासता येते.

बाकीचे भाग थोडक्यात

रॅम: प्रीमियर प्रोसाठी अडोबीची शिफारस एचडीला १६ जीबी आणि 4K ला ३२ जीबी किंवा जास्त अशी आहे. एकच मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन सारख्या पट्ट्या घ्या, दोन मार्गांनी काम झाल्याने वेग वाढतो.

ग्राफिक्स कार्ड: दाविंची रिझॉल्व्ह वापरणार असाल तर इथे थोडे जास्त पैसे ठेवा, कारण कलर आणि इफेक्टचं काम ते कार्डावर टाकतं. 4K साठी किमान ८ जीबी मेमरीचं कार्ड बरं.

पॉवर सप्लाय आणि यूपीएस: फाइल लिहिली जात असताना वीज गेली तर ड्राइव्हवरची नोंद बिघडू शकते. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. ग्राफिक्स कार्ड असेल तर १ केव्हीएचा घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: दुसरी कॉपी

कोणतीही ड्राइव्ह कधी ना कधी बंद पडतेच. हजारो ड्राइव्ह चालवणारी बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी दरवर्षी आकडेवारी देते. तिच्याकडे २०२४ मध्ये हार्ड डिस्क बंद पडण्याचं वार्षिक प्रमाण १.५७ टक्के होतं. ऐकायला कमी वाटतं, पण आपल्याकडची एकमेव ड्राइव्ह त्यात निघाली तर आपल्यापुरतं ते शंभर टक्के. कॉम्प्युटरचा प्रत्येक भाग पुन्हा विकत मिळतो. सप्तपदी पुन्हा शूट करता येत नाही.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' तयार होत असताना एका चुकीच्या कमांडने चित्रपटाच्या फाइल्स पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप काढला तर तोही नीट चालत नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरमुळे. बाळ लहान असल्याने त्या घरून काम करत होत्या आणि तिथे एक कॉपी होती.

यासाठी ३-२-१ हा नियम सांगतात. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने तो ओळखला जातो: ३ कॉपी, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ दुसऱ्या ठिकाणी. घरच्या घरी हे असं जमतं:

• शूटिंगहून आल्यावर कार्डवरचं फुटेज एसएसडीवर आणि हार्ड डिस्कवर, दोन्हीकडे कॉपी करा. दोन्ही कॉपी उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.
• रिझॉल्व्हमधलं क्लोन टूल कॉपी जशीच्या तशी झाली का हे तपासून देतं.
• तिसरी कॉपी पोर्टेबल हार्ड डिस्कवर करून ती भावाच्या किंवा मित्राच्या घरी ठेवा. आग, चोरी किंवा पुराचं पाणी एका घरात शिरलं तरी ती वाचते.
• वर्षातून दोनदा ती ड्राइव्ह जोडून फाइल्स उघडतात का ते पाहा.

दोन गैरसमजही दूर करायला हवेत. दोन ड्राइव्ह रेड १ मध्ये जोडणं म्हणजे बॅकअप नाही, कारण चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते. आणि 'डिलीट झालं तरी रिकव्हर होतं' हे एसएसडीला बहुतेक वेळा लागू पडत नाही. ट्रिम नावाच्या सोयीमुळे पुसलेली जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करून टाकते.

तर बजेट कमी असेल तेव्हा काय करायचं? जेन ५ ऐवजी जेन ३ किंवा ४ ची टीएलसी एसएसडी घ्या, अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या, प्रॉक्सीवर काम करा आणि वाचलेल्या पैशांत दुसरी हार्ड डिस्क घ्या. रेंडर दहा मिनिटं उशिरा झाला तर कुणी विचारत नाही. फुटेज गेलं तर मात्र ग्राहकाला द्यायला उत्तर नसतं.