बार हार्बरची उन्हाळी सुटी

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपण सगळ्यांनी एक शब्द जन्माचा पाठ केला. आरटीपीसीआर. नाकात काडी जायची, डोळ्यांत पाणी यायचं आणि निकाल येईपर्यंत घरातली माणसं एकमेकांपासून चार हात लांब बसायची. पण त्या शब्दातल्या पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ फार थोड्यांनी विचारला असेल. मी कलाशाखेचा पदवीधर, त्यातून कविता लिहिणारा. शब्द दिसला की त्याचं गाव विचारायची मला खोड आहे. या 'आरटी'चं गाव शोधत गेलो, तेव्हा मी शाळेतल्या दोन मुलांच्या उन्हाळी सुटीपाशी येऊन पोचलो. आज त्या सुटीची गोष्ट सांगायची आहे.

आरटी म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. हे एक विकर आहे. पेशीत माहिती साधारणपणे डीएनएकडून आरएनएकडे जाते. मूळ दस्तऐवजावरून नक्कल उतरवावी, तशी. हे विकर उलटं काम करतं. ते नकलेवरून मूळ दस्तऐवज लिहितं, म्हणजे आरएनएवरून डीएनए तयार करतं. करोनाच्या विषाणूत असतो आरएनए, आणि पीसीआर ही पद्धत वाढवते डीएनए. तेव्हा आधी या विकराच्या मदतीनं आरएनएचा डीएनए करायचा आणि मग चाचणी पुढे न्यायची. १९७० च्या आधी असं विकर असतं, हेच जगाला ठाऊक नव्हतं. ते दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी शोधलं. हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर ही त्यांची नावं.

आता जरा मागे जाऊ. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथे समुद्रकाठी बार हार्बर हे छोटं गाव. उन्हाळ्यात श्रीमंतांनी हवा खायला यायचं आणि थंडीत गाव ओस पडायचं, अशी तिथली रीत. क्लॅरन्स कुक लिटल हे शास्त्रज्ञ मेन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. १९२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी काही विद्यार्थी या भागात आणले आणि प्रत्यक्ष निसर्गात जीवशास्त्राचा अभ्यास सुरू केला. पुढे १९२९ मध्ये मोटारउद्योगातल्या धनिकांच्या देणगीतून त्यांनी तिथेच जॅक्सन प्रयोगशाळा उभारली. म्हणजे प्रयोगशाळेच्या आधी तिथे उन्हाळी शाळा होती. हा क्रम मला फार आवडतो.

या प्रयोगशाळेचं भांडवल म्हणजे उंदीर. लिटल यांनी विद्यार्थिदशेतच, १९०९ मध्ये, उंदरांचा शुद्ध वंश तयार करायला सुरुवात केली होती. सख्ख्या भावंडांची जोडी जमवायची, त्यांच्या पिलांची पुन्हा तशीच जोडी जमवायची. असं वीस पिढ्या केलं की सगळे उंदीर आनुवंशिक दृष्टीनं जवळपास जुळ्यांसारखे होतात. मग दोन उंदरांत काही फरक दिसला, तर तो खाण्यामुळे, औषधामुळे की आणखी कशामुळे, हे ठरवता येतं. कर्करोगाच्या अभ्यासाला असे उंदीर अत्यंत गरजेचे होते.

१९४७ च्या ऑक्टोबरमध्ये त्या बेटावर वणवा पेटला. त्यात प्रयोगशाळेचा मोठा भाग जळाला आणि हजारो उंदीर गेले. वर्षानुवर्षं जपलेले वंश एका रात्रीत संपले. पण त्याआधी लिटल यांच्या माणसांनी हे उंदीर जगभरच्या प्रयोगशाळांना दिले होते. त्या प्रयोगशाळांनी त्यांचीच पिलं परत पाठवली. आपल्याकडे शेजारणीला विरजण देतात. आपलं दही नासलं, तर तिच्याकडून चमचाभर मागून आणता येतं. विज्ञानाची वाटून टिकण्याची रीतही तशीच आहे.

या आगीनंतर दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, फिलाडेल्फियाचा एक शाळकरी मुलगा तिथे उन्हाळ्यासाठी आला. हा हॉवर्ड टेमिन. वय पंधराच्या आत-बाहेर. माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी तिथे वेगळा कार्यक्रम होता. १९५२ पर्यंत सलग चार उन्हाळे तो तिथे गेला. जीवशास्त्रातल्या संशोधनाची ओढ पक्की झाली ती याच उन्हाळ्यांमध्ये, असं त्यानं पुढे आपल्या आत्मवृत्तात नोंदवून ठेवलं आहे.

१९५५ मध्ये न्यू यॉर्कजवळच्या ग्रेट नेक गावचा डेव्हिड बाल्टिमोर आला. त्याचं शाळेचं एक वर्ष शिल्लक होतं. टेमिन तोवर महाविद्यालयातून पदवीधर झाला होता आणि उन्हाळी मुलांमध्ये थोरल्या भावासारखा वावरत होता. दोघांची ओळख तिथली. पुढच्या वर्षी बाल्टिमोर स्वार्थमोर महाविद्यालयात गेला. टेमिन शिकला तेच हे महाविद्यालय. आत पाऊल टाकताच त्यानं जीवशास्त्र विषय घेतला. मध्येच तो रसायनशास्त्राकडे वळला, पण बार हार्बरला लागलेली गोडी सुटली नाही.

असं त्या सुटीत काय होतं? शाळेत आपण जो प्रयोग करतो, त्याचं उत्तर आधीच छापलेलं असतं. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष हे सगळं वहीत उतरवायचं आणि आपलं उत्तर जुळलं नाही, तर ते जुळवून घ्यायचं. संशोधनाच्या जागी मुलाला एक मार्गदर्शक मिळतो आणि एक प्रश्न मिळतो. त्याचं उत्तर मार्गदर्शकालाही माहीत नसतं. उंदरांना वेळेवर खाऊ घालायचं, रोजची नोंद ठेवायची, आकडे जमवायचे. आठवड्यांमागून आठवडे जातात आणि कधी काहीच हाती लागत नाही. काही हाती लागलं नाही, हेसुद्धा नीट लिहून ठेवायचं असतं. आम्ही कविता लिहिणारे लोक खोडलेल्या ओळी सहसा फाडून टाकतो. शास्त्रज्ञाला खोडलेली ओळही जपावी लागते. हे वळण पंधराव्या-सोळाव्या वर्षी लागलं तर हाडीमाशी खिळतं.

टेमिन यांना पुढे त्याची फार गरज पडली. कोंबड्यांमध्ये कर्करोग निर्माण करणाऱ्या एका आरएनए विषाणूवर ते काम करत होते. हा विषाणू पेशीत शिरल्यावर आपली डीएनए प्रत करत असावा, असं त्यांनी १९६४ मध्ये मांडलं. बहुतेकांनी ते मानलं नाही. नकलेवरून कधी मूळ दस्तऐवज होतो का, असा सवाल होता. टेमिन सहा वर्षं चिकाटीनं पुरावा गोळा करत राहिले. १९७० च्या जूनमध्ये 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध लागोपाठ छापून आले. एक मॅडिसनहून टेमिन आणि त्यांचे सहकारी सातोशी मिझुतानी यांचा, दुसरा मॅसॅच्युसेट्सहून बाल्टिमोर यांचा. दोघांनाही तेच विकर सापडलं होतं. १९७५ मध्ये रेनातो दुल्बेको यांच्यासह दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. पुढे एड्सचा विषाणू याच जातकुळीचा निघाला, आणि १९८७ मध्ये मान्यता मिळालेलं एड्सवरचं पहिलं औषध याच विकराला अडवणारं होतं.

या गोष्टीचा एक कडू भागही आहे आणि तो टाळणं बरं नाही. ज्या लिटल यांनी हे गोकुळ उभं केलं, ते १९५४ मध्ये अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांनी नेमलेल्या संशोधन समितीचे शास्त्रीय प्रमुख झाले. धूम्रपानानं कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं नाही, असं ते वर्षानुवर्षं सांगत राहिले. आणि त्यांच्याच उन्हाळी शाळेत घडलेल्या टेमिन यांनी नोबेल समारंभाच्या वेळी, कर्करोग टाळण्याचा हमखास उपाय हाताशी असूनही लोक धूम्रपान सोडत नाहीत, याबद्दल जाहीर संताप व्यक्त केला. टेमिन स्वतः कधी धूम्रपान करत नव्हते. तरीही १९९४ मध्ये ते फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले. बाल्टिमोर २०२५ च्या सप्टेंबरमध्ये गेले. गुरूपेक्षा पुराव्याला मान द्यावा, ही शिकवण गुरूच्याच अंगणात मिळाली आणि ती गुरूच्या विरुद्धही वापरता आली.

एका सुटीमुळे नोबेल मिळालं, असं मात्र मी म्हणणार नाही. टेमिन वकिलाचा मुलगा. बाल्टिमोरची आई मानसशास्त्राची अभ्यासक. मुलाला दूरच्या गावी उन्हाळाभर पाठवणं या घरांना जमलं. तिथे गेलेली मुलं आधीच हुशार होती, निवडून घेतलेली होती. तेव्हा खरा प्रश्न असा, की अशी सुटी कोणाच्या वाट्याला येते?

१९५७ च्या ऑक्टोबरमध्ये रशियाचा स्पुतनिक आकाशात गेला आणि अमेरिकेला विज्ञानशिक्षणाची चिंता लागली. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओहाय गावी शाळकरी मुलांसाठी उन्हाळी विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी रात्री दुर्बिणीतून लघुग्रहाची छायाचित्रं घ्यायची आणि दिवसा आकडेमोड करून त्याची कक्षा काढायची.

आपल्याकडेही हे बीज पडलं आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेत जयंत नारळीकरांच्या काळात, १९९३ पासून, आठवी-नववीच्या मुलांसाठी उन्हाळी कार्यक्रम सुरू झाला. पुणे परिसरातल्या शाळांतली मुलं आठवडाभर एकेका शास्त्रज्ञाजवळ बसून काम करत. ठरलेला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. नारळीकरांची एक सवय सर्वांना ठाऊक आहे. मुलांनी स्वाक्षरी मागितली की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. उन्हाळी कार्यक्रमाचा आत्मा त्या पोस्टकार्डात आहे. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिंपियाडची शिबिरं भरतात. १९९९ मध्ये केंद्र सरकारची किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना आली. तिच्यात शिष्यवृत्तीबरोबर शिबिरंही होती. २०२२ मध्ये ती योजना स्वतंत्रपणे चालवणं थांबलं.

पण पुणे-मुंबईपासून दूर काय? आमच्या भागात एप्रिल-मेची सुटी म्हणजे मुलांनी मजुरीला जायची सुटी. ऊसतोडीहून परतलेल्या घरातली मुलगी कांदे भरायला जाते, धाकट्याला सांभाळते, पाणी आणते. पाण्याची घागर कोणत्या विहिरीवर किती वेळात भरते, हे तिच्याइतकं नेमकं कोणाला सांगता येणार? याच निरीक्षणाची वही करायला कोणी तिला सांगितलं, तर तेही संशोधनच आहे. मात्र तिची रोजची मजुरी बुडणार असेल, तर ती येणार नाही. म्हणून जेवण, प्रवासखर्च आणि थोडी विद्यावृत्ती यांशिवाय असा कार्यक्रम म्हणजे पुन्हा वकिलाच्याच मुलाची सोय.

आज तालुक्या-तालुक्यात विज्ञान महाविद्यालयं आहेत. तिथे सूक्ष्मदर्शक आहेत, तराजू आहेत, शिकवायची हौस असलेले प्राध्यापकही आहेत. मे महिन्यात मात्र प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप असतं. दहा मुलं, दोन प्राध्यापक, तीन आठवडे आणि उत्तर माहीत नसलेला एक साधा प्रश्न, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. आपल्या गावातल्या विहिरींच्या पाण्यात काय आहे, हा प्रश्न घ्या. त्यासाठी समुद्रकाठची हवेली लागत नाही. प्राचार्यांकडे जाऊन किल्ली मागणारी चार माणसं लागतात. येत्या मेमध्ये आपल्यापैकी कोणी ती मागायला निघालं, तर मलाही हाक मारा. मी उंदीर पाळू शकणार नाही, पण मुलांच्या नोंदवह्यांतली मराठी तपासायला नक्की येईन.