सैकिया, नयनमोनी

(21 सप्टेंबर 1988 – ). लॉन बोल्स या क्रीडाप्रकारातील आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या भारतीय खेळाडू. जन्म आसामातील गोलाघाट जिल्ह्यात. प्रारंभी त्या भारोत्तोलन करीत. परंतु दुखापतीमुळे तो मार्ग खुंटला आणि 2008 च्या सुमारास, देशात ज्याचे नावही फारसे कोणास ठाऊक नव्हते अशा या खेळाकडे त्या वळल्या. उदरनिर्वाहासाठी त्यांनी आसामच्या वनखात्यात नोकरी पत्करली.

अनभिज्ञ वाचकास हा खेळ मोठ्या गोट्यांचा वाटण्याचा संभव आहे. तथापि या खेळातील चेंडू एका अंगास मुद्दाम झुकता घडविलेला असल्यामुळे तो सरळ न जाता वळत जातो, आणि दूरवरच्या ‘जॅक’ नामक लहान चेंडूच्या अधिकाधिक निकट तो थांबविणे हे बळापेक्षा अदमासाचे काम ठरते. चौघींच्या संघात तिसऱ्या क्रमांकावर खेळणाऱ्या सैकिया यांच्याकडे प्रतिपक्षाची मांडणी मोडण्याची आणि कर्णधार शेवटी खेळावयास येण्यापूर्वी आपली बाजू सावरून ठेवण्याची जोखीम असे. ही कामगिरी गुणफलकावर स्वतंत्रपणे नोंदली जात नाही, म्हणूनच तिची वाखाणणी कमी होते.

राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत 2014 साली ग्लासगो येथे व 2018 साली गोल्ड कोस्ट येथे त्यांना पदकाविना परतावे लागले. 2022 च्या बर्मिंगहॅम स्पर्धेत मात्र लव्हली चौबे, पिंकी व कर्णधार रूपाराणी तिर्की यांच्यासह त्यांनी उपांत्य सामन्यात न्यूझीलंडविरुद्धची 0–5 अशी पिछाडी भरून काढून 16–13 असा विजय मिळविला, आणि 2 ऑगस्ट रोजी अंतिम सामन्यात, प्रारंभीची आघाडी हातची निसटल्यावरही धीर न सोडता, दक्षिण आफ्रिकेस 17–10 असे नमविले. राष्ट्रकुल स्पर्धांतील लॉन बोल्समध्ये भारताचे हे पहिलेच पदक, आणि तेही सुवर्ण. याच स्पर्धेत पुरुषांच्या चौकडीने पुढे रौप्यपदक मिळविले. वृत्तपत्रांनी महिलांच्या या सुवर्णपदकास अनपेक्षित चमत्कार म्हटले. परंतु सुमारे चौदा वर्षांच्या अभ्यासाचे हे फळ होते, हेच म्हणणे अधिक न्याय्य. 2022 सालचा अर्जुन पुरस्कार देऊन केंद्र सरकारने सैकिया यांचा गौरव केला.